ज्युरीचा कौल वरच्या कोर्टात टिकतो कसा?

धंदा म्हटला की माणसे ठेवावी लागतात, आणि कधी ना कधी एखाद्याला कामावरून काढण्याची वेळही येते. अशा वेळी मालक म्हणतो, ‘हिशेब चुकता केला, विषय संपला.’ विषय खरोखर संपला की नाही हे मात्र त्या माणसाला का काढले, ते कारण कागदावर कसे उतरले आणि त्या वेळी तोंडातून काय शब्द गेले यावर ठरते.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका कारखान्याने १९९५ साली आपल्या एका जुन्या माणसाला काढले. कारखाना फार नावाजलेला नव्हता. माल म्हणजे संडासाच्या सीटा आणि त्यांची झाकणे. दाव्याची रक्कमही तेथील मानाने मोठी नव्हती. तरीही हा वाद पायरी पायरीने चढत वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १२ जून २००० रोजी तेथील नऊही न्यायमूर्तींनी एकमताने दिलेला निकाल नोकरीतील भेदभावाच्या खटल्यांत आजही आधार म्हणून दाखवला जातो. ज्युरीने दिलेला कौल वरचे कोर्ट कधी फिरवू शकते आणि कधी नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न होता.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले, भाऊ, भाचे परदेशात नोकरी-धंद्याला आहेत. काहींची तेथे स्वतःची दुकाने आहेत. त्यांच्यासाठी हा विषय थेट उपयोगाचा आहे. जे येथेच कारखाना किंवा दुकान चालवतात त्यांनाही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, कारण वादाचे मूळ प्रत्येक कारखान्यात असलेल्या वस्तूत होते : हजेरीपत्रकात.

चाळीस वर्षांची नोकरी

सँडरसन प्लंबिंग प्रॉडक्ट्स असे या कंपनीचे नाव. रॉजर रीव्ह्ज तेथे चाळीस वर्षे नोकरीत होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांचे वय ५७ होते. बिजागऱ्यांच्या खात्यात दोन लाइनी चालत. त्यांपैकी नेहमीच्या मालाच्या लाइनीवर रीव्ह्ज सुपरवायझर होते. दुसऱ्या, खास मालाच्या लाइनीवर पस्तिशीतला एक तरुण सुपरवायझर होता. दोघांच्या वर ४५ वर्षे वयाचे खात्याचे मॅनेजर होते. हाताखालच्या माणसांची हजेरी आणि तास लिहिणे, आणि दर आठवड्याचा तासांचा तक्ता तपासणे, ही रीव्ह्ज यांची जबाबदारी होती.

१९९५ च्या उन्हाळ्यात मॅनेजरने वर कळवले की खात्यातील उत्पादन घटले आहे, माणसे गैरहजर राहतात, उशिरा येतात, लवकर जातात. महिन्याच्या हजेरीच्या अहवालात मात्र तसे काही दिसत नव्हते. तेव्हा उत्पादन विभागाच्या संचालकांनी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे तासांचे कागद तपासायला लावले. हे संचालक कंपनीच्या अध्यक्ष असलेल्या बाईंचे पती होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिला महत्त्व आहे. तपासणीत तिघांच्याही नोंदींत पुष्कळ चुका आणि खोट्या नोंदी सापडल्या असे संचालकांचे म्हणणे पडले. त्यांनी आणि आणखी दोन अधिकाऱ्यांनी शिफारस केली. अध्यक्षबाईंनी ती मान्य करून रीव्ह्ज आणि मॅनेजर या दोघांना कामावरून काढून टाकले.

रीव्ह्ज यांनी जून १९९६ मध्ये केंद्रीय जिल्हा कोर्टात दावा लावला. हजेरीच्या चुका हे केवळ निमित्त आहे, आपल्याला वयामुळे काढले, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत १९६७ सालापासून एक कायदा आहे. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला, चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला केवळ वयावरून काढता किंवा डावलता येत नाही. वंश, रंग, धर्म, स्त्री-पुरुष भेद आणि मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावासाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. तो पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला लागू होतो.

ज्युरीपुढे काय आले?

आता प्रश्न असा की मालकाच्या मनात काय होते हे सिद्ध कसे करायचे? ‘तुझे वय झाले म्हणून काढतो’ असे पत्र कोणी देत नाही. म्हणून तेथील कोर्टांनी १९७३ पासून एक रीत ठरवली आहे. प्रथम कामगाराने प्राथमिक गोष्टी दाखवायच्या : माझे वय संरक्षणात बसते, मी कामाला लायक होतो, मला काढले, माझ्या जागी तरुण माणूस घेतला. मग मालकाने काढण्याचे रास्त कारण सांगायचे. त्यानंतर ते कारण खरे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी पुन्हा कामगारावर येते.

पहिली पायरी रीव्ह्ज सहज चढले. त्यांच्या जागी कंपनीने एकामागून एक अशी तिशीतली तीन माणसे घेतली होती. दुसऱ्या पायरीवर कंपनीने हजेरीच्या चुकांचे कारण पुढे केले. खरी झुंज तिसऱ्या पायरीवर झाली.

रीव्ह्ज यांनी सांगितले की कारखान्याचे वेळेचे यंत्र पुष्कळदा माणसांची कार्डे वाचत नसे. त्यामुळे कागदावर येण्याची वेळ उमटतच नसे. अशा वेळी ते लाइनीवर फिरून कोण जागेवर आहे ते डोळ्यांनी पाहत आणि जो वेळेवर हजर असेल त्याच्यापुढे सकाळचे सात लिहीत. कंपनी ज्याला खोटी नोंद म्हणत होती ती हीच. उलटतपासणीत खुद्द संचालकांनीच कबूल केले की यंत्र कधी कधी बिघडत असे आणि माणूस जागेवर असेल तर सुपरवायझर सात वाजल्याची नोंद करीत असे.

दुसरी गोष्ट याहून ठळक आहे. काढले त्या दिवशी संचालकांनी रीव्ह्ज यांना सांगितले होते की सप्टेंबर महिन्यात दोन दिवस गैरहजर असलेल्या एका कामगार बाईची गैरहजेरी त्यांनी कळवली नाही, म्हणून त्यांना काढले आहे. त्या दोन दिवशी रीव्ह्ज स्वतः हॉस्पिटलात होते. त्या दिवसांची जबाबदारी मॅनेजरची होती.

तिसरी गोष्ट बोलण्याची. रीव्ह्ज यांच्या साक्षीप्रमाणे काढण्याच्या काही महिने आधी संचालक त्यांना म्हणाले होते की, तुम्ही इतके म्हातारे आहात की मेफ्लॉवरमधून आला असाल. मेफ्लॉवर हे १६२० साली इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना अमेरिकेत घेऊन गेलेले जहाज. एकदा एक यंत्र सुरू होत नव्हते, तेव्हा या कामाला तुम्ही फार म्हातारे झालात, असेही शिवी हासडून ते बोलले होते. तरुण सुपरवायझरनेही साक्ष दिली. संचालक आपल्यापेक्षा रीव्ह्ज यांना वाईट वागवत, आणि कंपनीत त्या संचालकांचाच शब्द शेवटचा असे, असे त्याने सांगितले. पुढे आणखी एक गोष्ट निघाली. १९९३ मध्ये कामाची पाहणी होऊन फक्त रीव्ह्ज यांना ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवले होते. त्यात आपला हात नव्हता असे संचालक आधी म्हणाले. उलटतपासणीत त्यांना मान्य करावे लागले की शिफारस त्यांचीच होती.

खटला चालू असताना कंपनीच्या वकिलाने दोनदा विनंती केली की पुरावा अपुरा आहे, ज्युरीकडे न देता निकाल आमच्या बाजूने द्यावा. न्यायाधीशांनी दोन्ही वेळा नकार दिला. ज्युरीने रीव्ह्ज यांना ३५,००० डॉलर भरपाई दिली आणि भेदभाव जाणूनबुजून केला असा कौल दिला. जाणूनबुजून केला तर कायद्याप्रमाणे रक्कम दुप्पट होते, म्हणून ७०,००० डॉलरचा हुकूम झाला. त्यावर पुढील दोन वर्षांच्या बुडालेल्या कमाईपोटी न्यायाधीशांनी २८,४९० डॉलर ८० सेंट दिले. अशी एकूण रक्कम ९८,४९० डॉलर ८० सेंट झाली. कंपनी अपिलात गेली.

अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वरच्या कोर्टात गेलो की सगळे पहिल्यापासून सुरू होईल, राहिलेला साक्षीदार आणता येईल, घरी सापडलेला कागद दाखवता येईल, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेच्या केंद्रीय अपील कोर्टात यातले काहीच होत नाही. तेथे साधारणपणे तीन न्यायाधीश बसतात. साक्षीदार येत नाही, ज्युरी नसते, नवा पुरावा घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे बोलले गेले त्याची शब्दशः नोंद आणि जे कागद दाखल झाले ते, एवढेच वर जाते. दोन्ही वकील लेखी म्हणणे देतात. तोंडी युक्तिवाद ठेवलाच तर तो बहुधा मिनिटांत मोजावा इतका असतो.

याचे कारण त्यांच्या राज्यघटनेत आहे. १७९१ साली मंजूर झालेल्या सातव्या दुरुस्तीने ज्युरीने ठरवलेली वस्तुस्थिती दुसऱ्या कोर्टाने मनाला येईल तशी पुन्हा उकरू नये असे बंधन घातले आहे. म्हणून ‘ज्युरीने चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला’ ही तक्रार अपिलात चालत नाही. जे मुद्दे चालतात ते साधारण चार.

पहिला, पुरावा इतका कमी होता की कोणतीही समंजस ज्युरी असा कौल देऊच शकली नसती. दुसरा, न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा चुकीचा समजावला. तिसरा, घ्यायचा पुरावा नाकारला किंवा नाकारायचा पुरावा घेतला. चौथा, भरपाईची रक्कम पुराव्याच्या मानाने अवाच्या सव्वा आहे किंवा कायद्याच्या मर्यादेबाहेर आहे. शिवाय चूक नुसती दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळे निकालावर फरक पडला हेही दाखवावे लागते.

हे मुद्देही आयत्या वेळी काढता येत नाहीत. ज्युरीला कायदा चुकीचा समजावला असेल तर हरकत तेथेच, त्याच वेळी नोंदवावी लागते. पुरावा अपुरा असल्याचा अर्ज प्रकरण ज्युरीकडे जाण्यापूर्वी द्यावा लागतो. विरुद्ध निकाल लागल्यावर तोच अर्ज पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी आज २८ दिवसांची मुदत आहे, रीव्ह्ज यांच्या खटल्याच्या वेळी ती १० दिवसांची होती. हा दुसरा अर्ज विसरला तर काय होते ते २००६ साली एका खाद्यपदार्थ कंपनीच्या व्यापारी वादात दिसले. पुरावा अपुरा होता की नाही हे अपील कोर्टाने पाहायचेच नाही, असे सुप्रीम कोर्टाने ठरवले. अपिलाची नोटीस खाजगी पक्षांमधील दाव्यात ३० दिवसांत द्यावी लागते. निकालानंतरचा अर्ज मुदतीत दिला असेल तर हे ३० दिवस त्या अर्जाच्या निकालापासून धरतात. दिवस चुकला की हक्क गेला.

खर्चाचाही हिशेब करावा. अपील केले म्हणून वसुली कायमची थांबत नाही. ती थांबवायची तर सहसा जामीनपत्र किंवा तारण द्यावे लागते. निकालाच्या रकमेवर व्याज चालू राहते. भेदभावाचा दावा कामगार जिंकला तर त्याच्या वकिलाची फीही सहसा मालकावर बसते, आणि अपील हरल्यास त्या अपिलाची फी तीत मिळते. म्हणून पुष्कळ प्रकरणे अपील चालू असतानाच तडजोडीने मिटतात. बहुतेक केंद्रीय अपील कोर्टांनी त्यासाठी मध्यस्थीची सोयही ठेवली आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये पालटलेला निकाल

मिसिसिपी, लुईझियाना आणि टेक्सास या राज्यांची अपिले न्यू ऑर्लिन्स येथील पाचव्या विभागाच्या अपील कोर्टाकडे जातात. तेथे १९९९ साली रीव्ह्ज हरले. कंपनीने दिलेले कारण खोटे असल्याचे ज्युरीला वाटू शकेल इतका पुरावा असेलही, असे त्या कोर्टाने म्हटले. पण तेवढ्याने वयावरून भेदभाव झाला हे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. संचालकांचे ते बोलणे काढण्याच्या वेळचे नव्हते. शिफारस करणाऱ्या इतर दोघांवर वयाचा आकस असल्याचा आरोप नव्हता. निर्णय घेणाऱ्यांपैकी दोघे स्वतः पन्नाशीच्या पुढचे होते. आरोप तिन्ही सुपरवायझरांवर होता. कंपनीत इतरही वरिष्ठ जागांवर पन्नाशी ओलांडलेली माणसे होती. अशी कारणे देऊन ज्युरीचा कौल रद्द झाला. चाळीस वर्षे एका ठिकाणी काम केलेल्या माणसाच्या हातात पुन्हा काहीच उरले नाही.

वरवर पाहता ही कारणे पटण्यासारखी आहेत. मग चूक कोठे झाली?

सुप्रीम कोर्टाने काय सांगितले?

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात दरवर्षी हजारो अर्ज जातात आणि त्यांतले शंभराहूनही कमी ऐकले जातात. रीव्ह्ज यांचा अर्ज त्यांत लागला, कारण याच प्रश्नावर निरनिराळ्या विभागांची अपील कोर्टे निरनिराळे निकाल देत होती. २१ मार्च २००० रोजी सुनावणी झाली. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले.

त्यातली पहिली गोष्ट अशी. मालकाने दिलेले कारण खोटे ठरले आणि कामगाराने प्राथमिक गोष्टी सिद्ध केल्या, तर तेवढ्यावरूनच ज्युरी भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. निराळा, जादा पुरावा प्रत्येक वेळी हवाच असे नाही. व्यवहारातही आपण असेच समजतो. माणूस कारण विचारल्यावर खोटे सांगतो तेव्हा खरे कारण लपवण्यासारखे आहे असा संशय येणे स्वाभाविक आहे. अर्थात कारण खोटे ठरले की कौल दर वेळी कामगाराकडेच जाईल असेही कोर्टाने म्हटले नाही. कागदपत्रांतून दुसरेच, भेदभावाशी संबंध नसलेले कारण स्वच्छ दिसत असेल तर मालक जिंकू शकतो.

दुसरी गोष्ट अपिलाच्या रीतीची. पुरावा पुरेसा आहे की नाही हे पाहताना कोर्टाने सगळा पुरावा पाहावा. पण ज्याच्या बाजूने कौल लागला त्याला अनुकूल असे सर्व वाजवी अर्थ काढावेत. कोणता साक्षीदार खरा, कोणता खोटा, हे कोर्टाने ठरवू नये. पुरावा तराजूत घालून पुन्हा तोलू नये. हरलेल्या बाजूचा जो पुरावा ज्युरीने मानलाच पाहिजे असा नव्हता, तो बाजूला ठेवावा. ज्याला कोणी आव्हान दिले नाही आणि जो निःपक्ष साक्षीदाराकडून आला, तेवढाच पुरावा त्या बाजूने धरावा.

न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टाने याच्या उलट केले होते. वयाबद्दलचे टोमणे ज्युरीने ऐकले होते आणि त्यांवर विश्वासही ठेवला होता. अपील कोर्टाने ते हलके लेखले. संचालक हेच खरे निर्णय घेणारे आहेत असे ज्युरीला वाटण्यास आधार होता, कारण ते अध्यक्षबाईंचे पती होते आणि त्यांच्या शब्दाचे वजन साक्षीत आले होते. अपील कोर्टाने मात्र सहीकडे आणि हुद्द्याकडे पाहिले. म्हणजे न्यायाधीशांनी ज्युरीच्या खुर्चीत बसून स्वतःचा कौल दिला. सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. प्रकरण पुन्हा खाली पाठवून दोन्ही पक्षांना आणखी एक फेरी घालायला लावण्याचे कारण नाही असे सांगून वाद तेथेच संपवला. ज्युरीचा कौल उभा राहिला. कामावरून काढल्यापासून तोवर साडेचार वर्षांहून अधिक काळ गेला होता.

हातात आलेला निकाल निसटतो तेव्हा

ज्युरीचा कौल नेहमी टिकतोच असे मात्र कोणी समजू नये. लिली लेडबेटर या बाई अलाबामा राज्यात गॅड्सडेन येथील गुडइयर टायरच्या कारखान्यात १९७९ पासून १९९८ पर्यंत होत्या. १९९७ अखेर त्यांना महिना ३,७२७ डॉलर मिळत. त्यांच्याच हुद्द्यावरच्या पुरुषांत सर्वांत कमी पगार ४,२८६ डॉलर आणि सर्वांत जास्त ५,२३६ डॉलर होता. ज्युरीने त्यांना पस्तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. कायद्याच्या कमाल मर्यादेमुळे न्यायाधीशांना ती ३,६०,००० डॉलरवर आणावी लागली. अपील कोर्टाने तीही रद्द केली. २९ मे २००७ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी अपील कोर्टाचेच म्हणणे उचलून धरले.

पगारातला फरक त्या कोर्टाने खोटा ठरवला नव्हता. अडचण तारखेची होती. अशी तक्रार प्रथम समान रोजगार संधी आयोगाकडे करावी लागते, आणि अलाबामात त्याला १८० दिवसांची मुदत होती. पगार कमी ठेवण्याचे निर्णय कित्येक वर्षांपूर्वीचे, म्हणून तक्रार उशिराची, असे बहुमताने ठरवले. सहकाऱ्यांचा पगार बाईंना माहीतच नव्हता, याचा उपयोग झाला नाही. मुदत हा कायद्याचा मुद्दा आहे. तेथे ज्युरीचे मत आड येत नाही आणि वरचे कोर्ट स्वतःच्या विचाराने निकाल देते. या निकालावर मोठा गदारोळ झाला. २९ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी लेडबेटर यांच्याच नावाच्या नव्या कायद्यावर सही केली. आता भेदभावाचा प्रत्येक कमी पगार हातात पडला की मुदत नव्याने मोजली जाते. खुद्द लेडबेटर यांना मात्र कंपनीकडून काहीच मिळाले नाही. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

दोन्ही खटले शेजारी ठेवून पाहावेत. रीव्ह्ज यांचा वाद ‘खरे कोण बोलतो’ असा होता, म्हणून ज्युरीचा शब्द वरपर्यंत टिकला. लेडबेटर यांचा वाद तारखेवर गेला, म्हणून लाखोंचा कौल पाण्यात गेला.

आपल्याकडची रीत

आपल्याकडे ज्युरी म्हटले की मुंबईकरांना नानावटी खटला आठवतो. १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटी यांना निर्दोष ठरवले. तो कौल न पटल्याने सेशन्स न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने नानावटींना दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. ज्युरीची पद्धत पुढे बंद पडत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

दिवाणी दाव्यांत आपल्याकडे न्यायाधीशच पुरावा ऐकून निकाल देतात. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालील पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासता येतात. हा मोठा फरक आहे. पण कलम १०० खालील दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हायकोर्ट लक्ष घालते. नवा पुरावा आणण्याचे दार पहिल्या अपिलातही जवळजवळ बंदच असते. तेव्हा ‘खाली काही झाले तरी वर पाहून घेऊ’ हा भरवसा आपल्याकडेही धोक्याचाच आहे.

मालकाने आणि कामगाराने काय ध्यानात ठेवावे?

मालकासाठी पहिली गोष्ट म्हणजे कारण एकच असावे आणि ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहावे. काढताना एक, नोटिशीत दुसरे आणि कोर्टात तिसरे असे झाले की खरे कारणही खोटे वाटू लागते. कारण देण्यापूर्वी ते आपल्याच कागदांशी ताडून पाहावे. रीव्ह्ज त्या दोन दिवशी हॉस्पिटलात होते, हे कंपनीला तिच्याच नोंदीतून कळण्यासारखे होते.

दुसरी गोष्ट, एकाच चुकीला सर्वांना एकच माप लावावे. तरुणाला सूट आणि म्हाताऱ्याला शिक्षा, आपल्या गाववाल्याला माफी आणि परक्याला बाहेरचा रस्ता, हे साक्षीदारांच्या लक्षात राहते.

तिसरी, जिभेला लगाम घालावा. वय, जात, धर्म, बोली यांवरून मारलेला टोमणा बोलणारा दुसऱ्या दिवशी विसरतो. ऐकणारा विसरत नाही. संचालकांची ती दोन वाक्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात कायमची छापली गेली आहेत.

चौथी, यंत्र बिघडते म्हणून हाताने नोंद करायची असेल तर ती कशी करायची याचा लेखी नियम करावा आणि नोंदीपुढे सही घ्यावी. लूम असो, चामड्याचे काम असो की बेकरी, हजेरी बहुधा एखाद्या जुन्या, विश्वासातल्या माणसाच्या हाती असते. लेखी नियम असला की तो माणूसही सुरक्षित राहतो आणि मालकही.

कामगारासाठी पहिली गोष्ट तारखेची. काय झाले, कधी झाले, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. हॉस्पिटलचा कागद, पगाराची चिठ्ठी, दिलेल्या नोटिशीची प्रत जपून ठेवावी. अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसांनी १८० दिवसांचा आकडा विसरू नये. काही राज्यांत ही मुदत ३०० दिवसांपर्यंत जाते, पण त्या भरवशावर बसू नये.

दुसरी गोष्ट, जे सांगायचे ते खालच्या कोर्टातच सांगावे आणि जो साक्षीदार आणायचा तो तेथेच आणावा. रीव्ह्ज यांना तरुण सहकाऱ्याची साक्ष मिळाली, तीच पुढे वरपर्यंत कामी आली. आपल्यावर अन्याय झाला असे मनात असणे वेगळे आणि ते कोर्टाच्या नोंदीत असणे वेगळे.

तिसरी गोष्ट दोघांसाठीही आहे. अपिलाचा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये. निकाल कोणत्या मुद्द्यावर लागला ते आधी वकिलाकडून समजून घ्यावे. ज्युरीने किंवा न्यायाधीशाने कोणाला खरे मानले यावर निकाल लागला असेल तर तो फिरणे कठीण. मुदत, कायद्याचा अर्थ, रकमेची मर्यादा यांवर असेल तर आशा आहे. मग व्याज, तारण, वकिलाची फी आणि जाणारी वर्षे यांचा ताळा घालून, तडजोड परवडते की अपील, ते ठरवावे.

रीव्ह्ज यांना मिळाले ते सुमारे ९८ हजार डॉलर. चाळीस वर्षांच्या नोकरीच्या मानाने ही रक्कम मोठी नाही, आणि नोकरी तर परत मिळाली नाहीच. पण हजेरीत लबाडी केली म्हणून काढलेला माणूस, हा ठपका धुऊन निघाला. आयुष्यभर एका ठिकाणी राबलेल्या माणसाला पैशाइतकीच इज्जतही प्यारी असते, आणि ती त्याला त्याच हजेरीपत्रकाने परत मिळवून दिली.